ढग बघायला शिकायचंय? गच्ची, वही आणि दहा मिनिटं

मी ढग बघायला लागले त्याला आता सात पावसाळे झाले. त्यातली पहिली दोन वर्षं वाया गेली असं मी म्हणते, कारण तेव्हा मी ढग बघत नव्हते, फक्त ओळखत होते. दहा प्रकारांचा तक्ता छापून कपाटाच्या दाराला चिकटवला होता. वर बघायचं, नाव ठरवायचं, फोटो काढायचा आणि पुन्हा खाली मान. फोनमध्ये हजारावर फोटो साठले, पण आज त्यातलं एकही आभाळ मला आठवत नाही.

मग एका मे महिन्यात फलटणजवळच्या आमच्या गावी सासऱ्यांबरोबर ओट्यावर बसले होते. मावळतीला एक मोठा पांढरा ढग वर येत होता. मी त्याचं लॅटिन नाव सांगितलं आणि फोन काढला. आण्णा म्हणाले, "नाव राहू दे गं. बूड बघ त्याचं. काळं पडाय लागलंय." पुढचा अर्धा तास आम्ही दोघं तो एकच ढग बघत होतो. त्याचं बूड काळवंडलं, डोकं सपाट होऊन एका बाजूला पसरलं, गार वारा सुटला, अंगणातली धूळ उठली आणि मगच टपोरे थेंब आले. हे सगळं मी लहानपणापासून दर उन्हाळ्यात अनुभवलं होतं, पण सलग बसून पहिल्यांदाच बघितलं.

ज्यांना ढग बघावेसे वाटतात पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहते, त्यामुळे उदाहरणं इथली आहेत. तुम्ही तुमच्या गावचा डोंगर, टाकी किंवा टॉवर धरा.

आधी काय काय जमवायचं

• एक वही. रेघांची, हातात मावेल अशी.
• पेन्सिल. पेनची शाई एका थेंबानं पसरते. माझी जूनची अख्खी पानं अशी गेली आहेत.
• गडद काचांचा गॉगल. पांढऱ्या ढगावरच्या सावल्या त्यातून जास्त स्पष्ट दिसतात.
• छोटा सपाट आरसा. तो कशासाठी, ते सहाव्या पायरीत सांगते.
• दिशा कळण्यासाठी होकायंत्र. फोनमधलं चालेल.
• गच्चीवर टाकायला जुनी सतरंजी. मान वर करून उभं राहिलं तर पाच मिनिटांत मान दुखते आणि बघणं तिथंच संपतं. आडवं पडा.
• फोनमध्ये हवामान खात्याचं 'मौसम' आणि पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं विजांसाठी तयार केलेलं 'दामिनी', ही दोन ॲप.

दुर्बीण आणि महागडा कॅमेरा पहिल्या वर्षी नको. दोन्हींमुळे आभाळाचा तुकडा हाती येतो आणि बाकीचं सगळं निसटतं.

१. जागा पक्की करा

रोज एकाच जागेवरून बघायचं, ही पहिली गोष्ट. तीच खिडकी, तोच कठडा, त्याच इमारती. जागा बदलली की कालच्या आभाळाशी आजच्याची तुलना करता येत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची पहिली अडचण असते गच्चीची किल्ली. आमच्याकडे गच्चीला कुलूप होतं आणि तोंडी विचारल्यावर दोनदा 'नाही' ऐकावं लागलं. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींना चार ओळींचा अर्ज दिला: नाव, फ्लॅट क्रमांक, कोणत्या वेळेत जाणार, सोबत लहान मूल असेल तर जबाबदारी माझी, आणि किल्ली वॉचमनकडच्या वहीत सही करून घेईन व परत करीन. पुढच्याच आठवड्यात परवानगी मिळाली. लेखी मागितलं की लोकांचा विश्वास बसतो. तुम्हालाही नकार मिळाला असेल तर हे करून बघा.

गच्ची नसली तर खिडकी पुरते, फक्त तिची दिशा जाणून घ्या. महाराष्ट्रात पावसाळ्याचे खालचे ढग पश्चिमेकडून येतात, म्हणून पश्चिमेची खिडकी म्हणजे भाग्यच. पूर्वेची असेल तर श्रावणातल्या संध्याकाळी इंद्रधनुष्य तुमच्या वाट्याला येईल. बसस्टॉप, रेल्वेचा पूल, ऑफिसच्या जिन्यातला झरोका, सगळं चालतं.

जागा ठरली की तिथून दिसणारी एक उंच, न हलणारी खूण निवडा. माझी खूण आहे सिंहगडावरचा मनोरा. पाचव्या पायरीत ती फार उपयोगी पडणार आहे.

२. सूर्याकडे पाठ

सूर्यासमोरून पातळ ढग जात असला की सूर्य मवाळ दिसतो आणि आपण बेसावधपणे टक लावतो. हे करू नका, गॉगल लावूनसुद्धा नको. पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या सावलीत असं बसा, की सूर्य त्याआड झाकला जाईल. सूर्याजवळच्या पातळ ढगांत कधी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे गुलाबी-हिरवे रंग चमकतात. ते बघायचे तरी सूर्य झाकूनच.

३. एकच ढग निवडा आणि दहा मिनिटं त्याच्यापाशी थांबा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका.

दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमाराला, ऑक्टोबर अखेरीस किंवा मार्च-एप्रिलमध्ये, आभाळात कापसाच्या गोळ्यांसारखे सुटे ढग दिसतात. त्यातला एक लहानसा निवडा. फार मोठा नको, डोक्यावर आलेलाही नको. घड्याळ बघा आणि त्याच्यावरून नजर हलवू नका.

पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. बहुतेक जण इथंच उठतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला लक्षात येतं की वरचा कोंब मघाशी नव्हता. दुसऱ्या बाजूची कड विरायला लागलेली असते, पिंजलेल्या कापसाचे धागे ओढावेत तशी. कधी मधूनच निळं भोक पडतं. असा छोटा ढग बहुधा अर्धा तासही टिकत नाही. तुम्ही त्याचा शेवट बघू शकता. ज्या जागी मघाशी ढग होता तिथं आता नुसतं निळं आहे, हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं तेव्हा मी गच्चीवर एकटीच मोठ्यानं हसले होते.

तिथं घडत काय असतं? जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. वर जाताना ती फुगते आणि थंड होते. एका उंचीवर तिच्यातली वाफ धरून ठेवणं तिला जमत नाही आणि धुळीच्या, मिठाच्या बारीक कणांभोवती पाण्याचे थेंब धरतात. म्हणून या ढगांचं बूड सपाट असतं आणि सगळ्यांची बुडं एका रेषेत असतात, जणू काचेच्या टेबलावर मांडून ठेवलेत. ती काच म्हणजेच वाफेचं पाणी व्हायची उंची. बाजूची कोरडी हवा आत घुसली की थेंब पुन्हा वाफ होतात आणि कड विरते. आपल्याला दिसतो तो ढग दर मिनिटाला नवा होत असतो. एका बाजूनं बनतो, दुसऱ्या बाजूनं मोडतो.

त्याच्या वजनाचा अंदाजही करून बघण्यासारखा आहे. अशा ढगाच्या एका घनमीटरमध्ये साधारण अर्धा ग्रॅम पाणी धरलं, तर लांबी, रुंदी आणि उंची एकेक किलोमीटर असलेल्या ढगात ५०० टन पाणी होतं. ते पडत नाही, कारण एकेक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा असतो आणि खालून चढणारी हवा त्याला सहज तोलते. असे लाखो थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो.

मुलं सोबत असतील तर त्यांना हत्ती, ससा, गणपती शोधू द्या, तुम्हीही शोधा. पण पुढचा प्रश्न विचारायला विसरू नका: सोंड आधी गेली की पाय? मुलं हे आपल्यापेक्षा नीट बघतात.

४. नावं: आधी तीन, उरलेली सावकाश

ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनच्या एका औषधविक्रेत्यानं १८०२ साली एका छोट्या अभ्यासमंडळात व्याख्यान देऊन ढगांना लॅटिन नावं सुचवली. तीच आज जगभर चालतात. मुळातल्या कल्पना अगदी घरगुती आहेत, म्हणून मी त्या अर्थासकट लक्षात ठेवते.

क्युम्युलस म्हणजे रास. खळ्यावर धान्याची रास असते तसा, म्हणून मराठीत राशिमेघ. स्ट्रेटस म्हणजे पसरलेला थर, स्तरमेघ. सिरस म्हणजे केसांची बट. खूप उंचावर, बर्फाच्या बारीक स्फटिकांचे पांढरे धागे, म्हणून तंतुमेघ. पहिले तीन महिने एवढी तीनच नावं वापरा. रास आहे, थर आहे की बट आहे, एवढंच स्वतःला विचारा.

त्यानंतर दोन शब्द जोडा. 'निंबस' म्हणजे पाऊस देणारा आणि 'आल्टो' म्हणजे मधल्या उंचीवरचा. आता जागतिक हवामान संघटनेच्या यादीतले दहाही प्रकार तुमच्याच शब्दांतून तयार होतात. खाली क्युम्युलस, स्ट्रेटस आणि त्यांची जोडी स्ट्रेटोक्युम्युलस. मध्ये आल्टोक्युम्युलस आणि आल्टोस्ट्रेटस. वर सिरस, सिरोक्युम्युलस, सिरोस्ट्रेटस. दिवसभर झड लावणारा जाड करडा निंबोस्ट्रेटस. आणि खालपासून थेट वरपर्यंत चढलेला, विजांचा क्युम्युलोनिंबस. त्याला मराठीत गर्जन्मेघ म्हणतात आणि हे नाव मला मूळ नावापेक्षा आवडतं.

सगळ्यांचा गोंधळ होतो तो गोळ्यागोळ्यांच्या ढगांत. त्यासाठी हाताची बोटं वापरा. हात पूर्ण लांब करून, क्षितिजापासून बऱ्यापैकी वर असलेल्या ढगाच्या एका गोळ्यावर बोट धरा. एका करंगळीनं गोळा पूर्ण झाकला तर सिरोक्युम्युलस. करंगळीपेक्षा मोठा, पण तीन बोटांत झाकला तर आल्टोक्युम्युलस. तीन बोटांतही मावला नाही तर स्ट्रेटोक्युम्युलस.

इथला सापळा मी आधीच सांगितला आहे: नाव सापडलं की बघणं थांबतं. आपल्या बोलीतले शब्द या बाबतीत जास्त उपयोगी, कारण ते सगळ्या आभाळाबद्दल बोलतात. मळभ आलं, झाकोळून आलं, अंधारून आलं, हवा कुंद झाली, उघडीप मिळाली, आभाळ उठलं. 'आल्टोस्ट्रेटस, आठपैकी आठ' असं लिहिण्यापेक्षा 'सकाळपासून मळभ, सूर्य घासलेल्या काचेतून दिसावा तसा' हे लिहिलेलं मला वर्षानंतरही दिसतं. मी दोन्ही लिहिते.

'आठपैकी' म्हणजे काय, तेही सांगते. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि किती झाकलेत ते लिहायचं. वेधशाळेतले निरीक्षकही असंच मोजतात. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' म्हणतात ती इमारत हवामान खात्याची. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव पडलं. तिथून जाताना मला नेहमी वाटतं, आत्ता आत कुणीतरी हेच मोजत असेल.

५. ढग किती वर आहे? डोंगराला विचारा

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि सिंहगडाचा माथा साधारण १,३१० मीटरवर. म्हणजे गड आपल्यापेक्षा सुमारे ७५० मीटर वर. मनोरा ढगात गेला की ढगाचं बूड ७५० मीटरच्या खाली आलंय, हे कुठलंही उपकरण न वापरता कळतं. मनोरा मोकळा आणि ढग त्याच्यावर तरंगतोय, तर बूड त्याहून वर.

दुपारच्या राशिमेघांसाठी एक सोपं गणितही आहे. ॲपमध्ये तापमान आणि दवबिंदू (म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते), असे दोन आकडे बघा. त्यांच्यातल्या फरकाला १२५ नं गुणा. तेवढ्या मीटरवर ढगाचं बूड, अंदाजे. मेमध्ये तापमान ३८ आणि दवबिंदू १४ असला तर फरक २४, म्हणजे बूड ३,००० मीटरवर, सिंहगडाच्या कितीतरी वर. जुलैत तापमान २७, दवबिंदू २३, फरक ४, बूड ५०० मीटरवर. म्हणून पावसाळ्यात गडावर गेलेली मंडळी ढगात उभी असतात. त्यांना ते धुकं वाटतं, आणि ते चूकही नाही. जमिनीला टेकलेला ढग म्हणजेच धुकं.

मेमधल्या त्या ३,००० मीटरच्या बुडामुळे आणखी एक गोष्ट दिसते. ढगाखाली करड्या झालरी लोंबतात, पण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. पाऊस पडतोय, पण वाटेतल्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते आहे. मराठवाड्यात आणि माणदेशात उन्हाळ्याच्या शेवटी हे फार बघायला मिळतं. शेतकऱ्याच्या डोळ्यांना ती झालर कशी दिसत असेल, हे आण्णांशेजारी बसल्यावर मला कळलं.

तुमच्याकडे डोंगर नसेल तर दुसऱ्या गावच्या नातेवाइकांना फोन करा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून घाट उतरून तासाभरावर असलेल्या वाईला हजाराच्याही आत. पश्चिमेकडून आलेले ढग सह्याद्रीवर चढताना रिकामे होतात आणि पूर्वेला उतरताना विरतात. लोणावळ्याला झड आणि पुण्यात ऊन, हा अनुभव आपण सगळ्यांनीच घेतलाय. पुढच्या वेळी रेल्वेतून येताना खिडकीतून बघा, ढगांची जाड भिंत कुठं फाटायला लागते ते.

६. ढग कुठं चाललेत? आरसा जमिनीवर ठेवा

मान वर करून ढगाची दिशा सांगणं अवघड जातं, कारण नजरेला टेकायला काही नसतं. आरसा गच्चीवर सपाट ठेवा, त्याच्या कडेवर उत्तर दिशेची खूण करा आणि वरून आरशात बघा. ढग कडेकडेनं सरकताना स्पष्ट दिसतो. जुन्या वेधशाळांत याच तत्त्वावरचं उपकरण असे. आरशात सूर्य येणार नाही अशा वेळी आणि अशा जागीच हे करा. आरसा नसेल तर गडद रंगाच्या पसरट भांड्यात पाणी घ्या आणि ते स्थिर होऊ द्या.

आता पावसाळ्यातली एक गंमत. जुलै-ऑगस्टमध्ये थोडी उघडीप मिळाली की लगेच वर जा. खालचे करडे ढग पश्चिमेकडून पूर्वेला पळत असतात. त्यांच्या फटींतून अगदी वरच्या पांढऱ्या बटा दिसल्या तर त्यांच्यावर नजर ठेवा. त्या उलट्या, पूर्वेकडून पश्चिमेला चाललेल्या असतात. पावसाळ्यात भारतीय द्वीपकल्पावर साधारण १४-१५ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून वाहणारा जोरदार वाऱ्याचा झोत असतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ साली तो दाखवून दिला. उंच बटा फार सावकाश हलताना दिसतात, म्हणून विजेच्या तारेची किंवा टाकीच्या कोपऱ्याची रेघ धरून पाच मिनिटं थांबावं लागतं. हिवाळ्यात त्याच उंचीच्या बटा पश्चिमेकडून येतात. एका वर्षात वरचं वारं फिरलं, हे आपल्या गच्चीवरून कळतं. मला हे दोन थर एकमेकांविरुद्ध जाताना पहिल्यांदा दिसले ते चौथ्या वर्षी. घाई करू नका.

७. कोणत्या महिन्यात काय बघायचं

मार्च ते मे हा शिकायचा काळ. सकाळी निरभ्र, दुपारी बाराला छोट्या राशी, दोन-अडीचला त्यांच्या फुलकोबी, चारनंतर एखादा गर्जन्मेघ. सगळी गोष्ट एका दुपारी घडते. गर्जन्मेघाचं डोकं वर जाऊन अडतं आणि लोहाराच्या ऐरणीसारखं पसरतं. ऐरणीच्या कडा गुळगुळीत, रेशमी दिसायला लागल्या की वरचा भाग बर्फाचा झाला असं समजायचं. पाऊस यायच्या आधी जो गार वारा मातीचा वास घेऊन येतो, तो त्या ढगातून खाली कोसळलेल्या हवेचा असतो. वास आला की वही उचलून खाली यायचं. वळवाचा पाऊस तयारीला वेळ देत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मृगात जातो. 'मृग लागला' म्हटलं की आपल्याकडे नजर वर जातेच. पश्चिमेला एका रेषेत उठणारं आभाळ बघायला हे दिवस उत्तम. मात्र जुलैबद्दल आधीच सांगून ठेवते. सलग वीस दिवस करडं आभाळ, ना आकार ना कड. नवीन माणूस इथं कंटाळून सोडून देतो. मीही पहिल्या वर्षी सोडलं होतं. या दिवसांत रंग बघा. करड्यातही पारव्याच्या पंखाचा, शिसवी, राखेचा, दुधाळ असे प्रकार असतात. आणि मुख्य थराखालून धावणारी फाटकी चिरगुटं बघा, ती वाऱ्याचा वेग सांगतात.

श्रावण आला की सगळं सोपं होतं. ऊन-पावसाच्या खेळात इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्याकडे पाठ करून उभे राहा: सकाळी पश्चिमेला बघा, संध्याकाळी पूर्वेला. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा वर असला तर जमिनीवरून धनुष्य दिसत नाही, म्हणून भर दुपारी शोधण्यात वेळ घालवू नका. मघा नक्षत्र कोरडं गेलं तर आण्णा एक जुनी म्हण म्हणतात, "न पडतील मघा, तर ढगाकडे बघा." ती म्हणताना ते वर बघतात ते माझ्यासारखं हौसेनं नव्हे, हे मी विसरत नाही.

सप्टेंबरअखेर हस्त लागतो. हत्तीचा पाऊस गडगडाटानं येतो आणि बरेचदा उगवतीकडून. माझ्या वहीतली सगळ्यात सुंदर पानं याच दिवसांतली आहेत. मावळत्या उन्हात पूर्वेचा गर्जन्मेघ बुडाला जांभळा आणि डोक्याला केशरी असतो. सूर्य मावळून गेला तरी त्याचं डोकं उजळलेलं राहतं, कारण तिथं वर अजून सूर्य दिसत असतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ बहुतेक रिकामं. तेव्हा पहाटे नदीवरचं धुकं बघा आणि संध्याकाळी बटा. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं तरी थांबा. उंच बटांना खरा रंग त्यानंतर चढतो आणि लोक नेमके तेव्हा घरी जायला निघालेले असतात.

गिर्यारोहकांसाठी एक जोड. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात, दरी ढगानं काठोकाठ भरलेली आणि सकाळचं ऊन पाठीमागून येत असलं, तर समोरच्या ढगावर आपली सावली आणि तिच्याभोवती रंगीत पूर्ण वर्तुळ दिसतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यानं ते इथं पाहिल्याची १८३५ सालची नोंद आहे. मला ते अजून दिसलेलं नाही, दोनदा जाऊन आले. कड्याच्या टोकाला उभं राहू नका. आडवं झोपून बघा आणि ओल्या दगडावर अजिबात विश्वास ठेवू नका.

८. गडगडाट ऐकू आला की खाली या

इथं कुठलीच सूट नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा. तेवढे किलोमीटर वीज दूर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ताबडतोब घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गच्चीवर जायचं नाही. उघड्या गच्चीवर आपणच सगळ्यात उंच असतो. रानात असाल तर झाडाखाली थांबू नका. पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा. वर जाण्याआधी 'दामिनी' उघडून जवळपास विजा पडताहेत का ते बघण्याची सवय मी लावून घेतली आहे. गर्जन्मेघ दूर असतानाच सुंदर दिसतो, जवळ आल्यावर तर त्याचं नुसतं काळं पोट दिसतं. त्यामुळे खाली येण्यात गमावण्यासारखं काही नसतं.

९. वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागा. आठपैकी किती. रास, थर की बट. कुठून कुठं चाललेत. खूण झाकली आहे की मोकळी. मग एक ओळ स्वतःच्या शब्दांत. एवढंच. दोन मिनिटांच्या वर वेळ गेला तर आठवड्याभरात सवय सुटते.

शेवटी एक अंदाज लिहा: संध्याकाळपर्यंत पाऊस येईल की नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे बरोबर की चूक ते मांडा. अंदाज लिहिल्यावर फोनमधलं उपग्रहाचं चित्र बघा, आधी नको. इन्सॅट उपग्रहाच्या चित्रात अख्ख्या देशावरचे ढग दिसतात आणि गच्चीवरून दिसलेला आपला ढग कुठल्या मोठ्या पट्ट्याचा तुकडा होता ते कळतं. पण चित्र आधी बघितलं की डोळे तेवढंच शोधतात.

दिवस चुकले तर मागचं आठवून भरू नका. रिकामं पान तसंच राहू द्या.

१०. रात्रीचे ढग

हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलंय. पौर्णिमेच्या आगेमागे चार-पाच रात्री जेवण झाल्यावर वर जा. चंद्राभोवती दोन प्रकारची वर्तुळं दिसतात आणि त्यांची गल्लत होते. अगदी चंद्राला चिकटून पिवळट-तांबूस तेजाचं लहान वर्तुळ असेल तर समोरून पाण्याच्या थेंबांचा पातळ ढग जातोय. चंद्रापासून बरंच दूर, मोठं आणि मध्ये काळोख असलेलं वर्तुळ असेल तर ते खळं. ते उंचावरच्या बर्फाच्या स्फटिकांमुळे पडतं.

मोजायचं असेल तर हात लांब करा, पंजा पूर्ण ताणा आणि अंगठ्याचं टोक चंद्रावर ठेवा. करंगळीचं टोक जिथं पोचतं तिथं खळ्याची कड असते, साधारण २२ अंशांवर. माझ्या मुलीचा हात लहान आहे, पण तिची करंगळीही बरोबर तिथंच पोचते, कारण हातही तेवढाच आखूड असतो. गेल्या कोजागरीला दुधाचे पेले कठड्यावर ठेवून आम्ही दोघींनी मोजून पाहिलं. वहीत ती नोंद तिच्या अक्षरात आहे: "खळं. आठपैकी आठ, पण चंद्र दिसतोय."